हम्मुराबी आणि कोपऱ्यातला खांब

माझे बाबा पहिल्यांदा जपानला आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून दोन किलो भाजणी, एक मफलर आणि एक ओळंबा निघाला. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात ना, तोच. "हा कशाला आणलात?" मी विचारलं. "म्हटलं बघावं, जपान किती सरळ आहे," बाबा म्हणाले. विमानतळावरच्या माणसाने तो हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून पाहिला होता म्हणे, आणि बाबांनी त्याला अस्सल पुणेरी मराठीत त्याचा उपयोग समजावून सांगितला होता. चहा व्हायच्या आत त्यांनी टोकियोत, एदोगावा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या सगळ्या भिंती तपासल्या. एकही वाकडी निघाली नाही. बाबा जरा खट्टू झाले.

बाबा कॉन्ट्रॅक्टर. उभं आयुष्य पुण्यात घरं बांधण्यात गेलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि माझं पोट भूकंपावर चालतं. टोकियोतल्या एका विद्यापीठात मी सिमेंटचे खांब हलवते, वाकवते आणि शेवटी मोडते, आणि ते कसे मोडले यावर शोधनिबंध लिहिते. २०११चा मोठा भूकंप होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही इथे आलो. सगळे नातेवाईक म्हणाले होते, शहाणी माणसं तिथून पळतायत आणि ही बया नवऱ्याला नि तीन वर्षांच्या पोरीला घेऊन तिकडेच निघालीय. नवऱ्याला त्याच्या बँकेने टोकियोची बदली दिली म्हणून बरं, नाहीतर सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

बापाने बांधायचं आणि लेकीने मोडायचं, हा आमच्या घरातला जुना विनोद. पण त्या विनोदात एक काटा होता. पुण्यात बाबांनी बांधलेली एक इमारत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, आठ बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावर आई-बाबा स्वतः राहतात. तळमजला सगळा मोकळा, नुसता खांबांवर उभा. अशा इमारती भूकंपात कशा बसतात ते मी इथे रोज बघते. वरचे मजले जवळजवळ तसेच राहतात आणि पार्किंग नाहीसं होतं. बाबांनी इमारत एकदा तपासून घ्यावी, खांब मजबूत करून घ्यावेत, म्हणून मी सात वर्षं त्यांच्या मागे लागले होते. आणि सात वर्षं बाबा मला टोलवत होते.

"पंचवीस वर्षं ठणठणीत उभी आहे. तपासायचं काय तिचं?"

"भूकंप आला तर?"

"पुण्यात कुठले आलेत भूकंप?"

"कोयनेला हलतं तेव्हा आपल्या फडताळातल्या बश्या वाजतात. ते काय असतं?"

"उंदीर."

असं आमचं चालायचं. फोनवर बाबांना पकडणं अशक्य, कारण कोंडीत सापडले की "आवाज तुटतोय" म्हणून फोन आईकडे देतात. म्हणून मी त्यांना तिकीट पाठवलं. दोन महिने ताब्यात मिळाले की कुठे पळतील? आई आली नाही. "तुम्ही दोघं तिकडे भांडा, मला जरा शांतता मिळेल," ती म्हणाली.

पहिल्याच रविवारी मी त्यांना भूकंपाच्या सराव शिबिराला नेलं. तिथे एक ट्रक असतो. ट्रकवर खोटी खोली, खोलीत टेबल आणि चार खुर्च्या. माणसं बसली की अग्निशमन दलाचा माणूस बटण दाबतो आणि खोली मोठ्या भूकंपासारखी हलते. भलेभले टेबलाचे पाय कवटाळतात. मला वाटलं, बाबांची पाचावर धारण बसेल आणि संध्याकाळपर्यंत ते पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावतील. बाबा उतरले, कपडे झटकले आणि म्हणाले, "एसटीच्या मागच्या सीटवर याहून जास्त बसतं." आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. तिसऱ्या फेरीला तो अग्निशमनवाला त्यांना वाकून नमस्कार करायला लागला.

मग मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. त्या दिवशी आम्ही एक खांब मोडणार होतो. मुद्दाम जुन्या पद्धतीचा ओतलेला, आत रिंगा कमी. रिंगा म्हणजे उभ्या सळयांना आडवे वेढे घालतात त्या. त्या जवळजवळ असल्या की खांब दाबाखाली फुटत नाही. आमच्याकडे पूर्वी त्या जरा हात राखूनच घालायचे. मशीन चालू झालं, खांब कुरकुरला, तिरका चिरला आणि त्याच्या कडा ढासळल्या. मी हळूच बाबांकडे बघितलं. ते खांबाकडे बघत होते आणि त्यांचा हात खिशात काहीतरी शोधत होता. "क्युरिंग किती दिवस केलंत?" त्यांनी विचारलं. अठ्ठावीस दिवस पाणी मारलं, मी म्हणाले. "हं," बाबा म्हणाले, आणि मशीनमधली कॉफी कुठे मिळते ते विचारून बाहेर निघून गेले. त्या संध्याकाळी मी विषय काढला तर त्यांनी मला जपानी लोक कॉफी गार का पितात यावर अर्धा तास ऐकवलं.

मी हात टेकले होते. तेवढ्यात आमच्या घरात एक राजा आला.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. जवळच्या भारतीय शाळेत जायची. शाळेने प्रकल्प दिला होता: कुठलाही एक प्राचीन राजा घ्या, त्याचं आयुष्य आणि त्याचा वारसा यावर लिहा आणि एखादी वस्तू करून आणा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पिरॅमिडवाले राजे पळवले. हिने बाबिलोनचा हम्मुराबी घेतला. का, तर म्हणे त्याच्या शिक्षा भारी आहेत. माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मिळतं इंग्रजीत नाहीतर जपानीत. बाबा दोन्ही भाषांना मराठीतच उत्तर देतात. दोघांचं छान जुळलं होतं. मी मात्र तिचं सगळं बोलणं इथे मराठीत लिहिते आहे, नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही.

ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक पुढ्यात घेऊन ती आजोबांना वाचून दाखवायची. जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा राजा. बापाकडून चिमूटभर राज्य मिळालं. चाळीसएक वर्षं गादीवर बसला. त्यातली पहिली कितीतरी वर्षं नुसते कालवे खणले, तट बांधले, देवळं दुरुस्त केली, शेजारच्या राजांशी गोड राहिला. मग एकेकाला गिळायला सुरुवात केली. ज्याच्या खांद्याला खांदा लावून लढला, त्या दोस्तालासुद्धा सोडलं नाही.

"धोरणी माणूस," बाबा म्हणाले. "आधी साइट तयार केली."

राजाने आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलेली पत्रंही सापडली आहेत. मातीच्या पाट्यांवर लिहिलेली. अमक्या कालव्यातला गाळ काढा, तमक्याची जमीन त्याला परत द्या, काम लवकर संपवा. हे ऐकल्यावर बाबा हरखून गेले. "अगं, हा दिवसभर साइटवर फोन करणारा माणूस! हा राजा कसला, हा मुख्य कॉन्ट्रॅक्टर!"

पुस्तकात त्याच्या प्रसिद्ध शिळेचं चित्र होतं. पुरुषभर उंचीच्याही वर, काळी, आणि अंगभर बारीक अक्षरं. तेच ते कायदे, दोनशे ऐंशीच्या वर. माथ्यावर राजा उभा आहे आणि समोर सूर्यदेव बसलाय. देवाच्या हातात एक काठी आणि एक कडं. लेक म्हणाली, ही सत्तेची चिन्हं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुस्तक नाकाशी धरलं. "कसली सत्ता? ही मोजायची काठी आहे आणि हे दोरीचं वेटोळं. आखणी करायला आलाय देव." ती खो खो हसली. मग पुढच्या पानावर सापडलं की काही अभ्यासकांचंही तेच मत आहे. त्यानंतर आठवडाभर बाबा आमच्याशी अभ्यासकासारखे बोलत होते.

आता वस्तू करायची. माझा सल्ला होता पुठ्ठा आणि काळा रंग. बाबांना तो अपमान वाटला. नातीसाठी पुठ्ठ्याचा दगड? दुसऱ्या दिवशी ते दोघं सायकलने जाऊन सिमेंटच्या मिश्रणाची पिशवी घेऊन आले, आणि मी घरी पोचले तेव्हा बाल्कनीत सेंटरिंग, म्हणजे सिमेंट ओतायचा साचा, उभं होतं. खोक्याच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टी गुंडाळून, आतून दुधाच्या पिशव्यांचं अस्तर. माझं तांदूळ धुवायचं पातेलं सिमेंटने माखलेलं. आत घालायला सळया म्हणून लाँड्रीतून आलेले तारेचे हँगर सरळ केलेले, आणि त्यांना बारीक तारेच्या रिंगा. मी वाकून बघितलं. बोटभर अंतरावर एकेक रिंग, शिस्तीत, गाठ आत वळवलेली.

"एवढ्या रिंगा?" मी म्हणाले. "दीड हात उंचीच्या दगडाला?"

"पोरीचं काम आहे," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "हयगय नको."

दुपारी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात मिठाईचा डबा. आमच्याकडे तक्रार करायला माणूस कमरेवर हात ठेवून येतं, इथे मिठाई घेऊन येतं. आजींनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग बाबांच्या प्रकृतीबद्दल, आणि मग अगदी दिलगिरीने विचारलं की त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर राखाडी थेंब पडतायत, ते आपल्याकडचे तर नसतील ना? बाबांना वाटलं, आपलं स्वागत करायला आल्यात. त्यांनी आजींना भाजणीचं थालीपीठ दिलं, वर लोण्याचा गोळा. मी चादर धुऊन देते म्हणून दहा वेळा वाकले. आजी थालीपीठ घेऊन खाली गेल्या आणि संध्याकाळी ते कसं करतात हे विचारायला परत आल्या. बाबांचं नशीबच असं आहे. ते सुटतात.

सिमेंट ओलं असताना टूथपिकने अक्षरं कोरायची होती. सगळे कायदे मावणं शक्यच नव्हतं. सहा निवडायचे ठरलं. निवडीचा अधिकार बाबांनी स्वतःकडे घेतला, कारण जागेचं मोजमाप त्यांचं. लेक एकेक वाचायची आणि ते पसंत-नापसंत करायचे. कुणाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा: घ्या, लोक तोच शोधतात. पण फोडलेला डोळा गुलामाचा असेल तर नुसती भरपाई, हे ऐकून लेक चिडली. "असं कसं? डोळा तर डोळाच ना?" बाबा म्हणाले, "लिहिणारा राजा होता, बाई. गुलामाने लिहिला असता तर उलटा लिहिला असता." मग गळकी नाव बांधणारा आला. मालकाला न विचारता गुलामाची खूण भादरून टाकणारा न्हावी आला. शस्त्रक्रियेत माणूस मारणाऱ्या वैद्याचे हात तोडावेत, तोही घेतला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तेव्हा हा कायदा चालू असता तर डॉक्टरने भेटायला एवढा उशीर लावला नसता, असं त्यांचं मत पडलं.

आणि मग ती म्हणाली, "हा ऐका आजोबा, हा तुमचा."

तिने वाचलं. घर बांधणाऱ्याने घर मजबूत बांधलं नाही आणि ते पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला ठार मारावं. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला ठार मारावं.

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. एवढी वर्षं मी आकडे, आलेख, व्हिडिओ घेऊन जे सांगत होते, ते या पोरीने दोन वाक्यांत बाबांसमोर ठेवलं होतं. बाबांनी टाळी वाजवली.

"मुलगा लिहिलंय ना? मुलगा! मला मुलगाच नाही. सुटलो!"

"अजिबात नाही," मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. "दहावीच्या निकालाला पेढे वाटताना काय म्हणाला होतात? इंजिनिअर झाले तेव्हा? लग्नात माईक हातात घेऊन अख्ख्या हॉलला काय सांगितलंत? ही माझी मुलगी नाही, हा माझा मुलगा आहे. तीनशे साक्षीदार आहेत. तेव्हा मान माझी जाते."

लेकीने माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. "म्हणजे आईला मारणार?"

"अगं, तसं बोलायची एक पद्धत असते," बाबा पुटपुटले. मग ते हसले, पण जरा जास्तच वेळ हसले. त्यांनी तो कायदा शिळेवर घेतला नाही. "जागा संपली."

"खाली एवढी आहे की!"

"तिथे सिमेंट नीट बसलेलं नाही."

सिमेंट उत्तम बसलं होतं. त्या जागी त्यांनी तिला एक बैल काढायला लावला.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं पोहे खात होतो. नवरा नागोयाला कामासाठी गेला होता. एकदम सगळ्या फोनमधून तो कर्कश इशारा वाजला आणि पाठोपाठ जमीन सरकली. ट्रकवरच्या खोलीसारखी नाही. ट्रकवर माणसाला माहीत असतं की बटण कुणाच्या तरी हातात आहे. लेक बशी टाकून टेबलाखाली गेलीसुद्धा. शाळेत ते महिन्या-दोन महिन्यांनी करून घेतात. "आतामा!" ती आजोबांवर ओरडली, म्हणजे डोकं, डोकं सांभाळा. बाबा खुर्चीत तसेच बसून छताकडे बघत होते. मी त्यांच्या सदऱ्याला धरून खाली ओढलं. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरही खाली न बसणारा माणूस, चार पायांवर टेबलाखाली आला. वर दिवा झुलत होता, कपाटात बश्या वाजत होत्या. कुणीही उंदीर म्हणालं नाही.

थांबलं. टीव्हीने सांगितलं, मध्यम, त्सुनामीची भीती नाही. मी बाहेर आले. लेक बाहेर आली आणि तिने सांडलेले पोहे गोळा करायला घेतले. बाबा येईनात.

"बाबा, झालं. या बाहेर."

"थांब जरा."

"गुडघा अडकला का?"

"नाही. तू आत ये. मला बाहेर येऊन सांगता येणार नाही."

मी परत टेबलाखाली गेले. मागून लेकही आली, कारण तिला वाटलं मजा चाललीय. आणि तिथे, पोह्यांचे दाणे चिकटलेल्या सतरंजीवर बसून, माझ्या बाबांनी मला सांगितलं.

गेटजवळचा कोपऱ्यातला खांब. पहिल्या मजल्यावरच्या साहेबांनी तेव्हा नवी गाडी घेतली होती, चांगली लांब. ती आत वळताना खांबाला घासायची. हे साहेब म्हणजे इमारतीत पहिलं बुकिंग करणारा माणूस, त्यांनी आणखी तिघांना आणलेलं. साहेब रोज सकाळी वाकून गाडीवरचा ओरखडा दाखवायचे. "एका रविवारी माणसं सुट्टीवर होती," बाबा म्हणाले. "मी एकटा गेलो. छिन्नी घेऊन खांब आतल्या बाजूने चार इंच उतरवला. सळया उघड्या पडल्या. दोन आड येत होत्या."

"बाबा."

"कापल्या. आणि गिलावा केला. तुला सांगतो, तसा गिलावा मी आयुष्यात दुसरा केला नाही. साहेब म्हणाले, वा, जादू केलीत."

मला संताप आला. चांगला डोक्यात गेला. मी टेबलाखाली आहे हे विसरून उठायला गेले आणि डोकं दाणकन आपटलं, त्याने आणखी भडकले. सात वर्षं मी या माणसाला रिंगा आणि आलेख समजावत होते! गाडी वळावी म्हणून इमारतीचा खांब तासायचा, हे जगात दुसरं कोण करेल? "तुम्हाला कळतंय का? आई त्याच्यावर झोपते! रोज झोपते!"

"रोज कळतं," बाबा म्हणाले. "सकाळी दूध आणायला उतरलो की त्याच्यावर हात ठेवून उभा राहतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला दम लागला." मग ते म्हणाले, "तुझ्या माणसांनी तपासलं असतं तर पहिल्या दिवशी सापडला असता. म्हणून तपासू देत नव्हतो. दुसरं काही नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. पंच्याहत्तरीचा माणूस, केसांत पोह्याची कोथिंबीर. मला त्यांची दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

लेक मध्येच टेबलाखालून सरपटत निघून गेली आणि तिची प्रकल्पाची वही घेऊन परत आली. "आजोबा, पडलेलं नाहीये ना अजून? मग मारत नाहीत." तिने बोट ठेवून वाचलं: घर बांधलं, काम नीट झालं नाही, आणि भिंत कलायला लागली, तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने मजबूत करावी.

"बस? एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच."

"आणि हा आधी का नाही वाचलास मला?"

"तुम्हीच म्हणालात जागा संपली."

बाबा टेबलाखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता, गुडघ्यांमुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. त्यांनी पुण्याला आईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेपाच वाजले होते. आई म्हणाली, "एवढ्या पहाटे कोण मेलं?"

प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. शिळा सायकलच्या टोपलीत घालून शाळेत नेली आणि तशीच परत आणली. मूळ शिळाही अशीच फिरली होती. दुसऱ्या एका राजाने लूट म्हणून ती आपल्या राजधानीत पळवली, तिथे हजारो वर्षांनी सापडली आणि आता पॅरिसच्या संग्रहालयात आहे. आमची बाल्कनीत आहे, कारण इथल्या कचऱ्याच्या तक्त्यात बाटलीपासून बाहुलीपर्यंत प्रत्येक गोष्टीला वार नेमून दिलेला आहे, पण सिमेंटचा राजा कुठल्याच वारी घेत नाहीत.

बाबा पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच रविवारी त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना पार्किंगमध्ये बोलावलं. मला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, फोन एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकवून. मला बहुतेक पायच दिसत होते. बाबांनी सगळं सांगितलं, अगदी गिलाव्याच्या कौतुकासकट, आणि मग लोकांसमोर स्वतःच्या हाताने त्या खांबावरचा गिलावा फोडला. कापलेल्या सळयांची टोकं दिसली तेव्हा कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मग एकच गलका झाला. "आमची पोरं इथे खेळतात हो!" एका बाईंचा आवाज मला अजून आठवतो. वरच्या मजल्यावरच्या एका घराने पुढे कित्येक महिने बाबांशी बोलणं टाकलं. मला ते योग्यच वाटलं, आणि बाबांनाही. आता गाडी न चालवणारे पहिल्या मजल्यावरचे साहेब मात्र काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "मीच रोज सांगत होतो यांना." बाबा म्हणाले, "छिन्नी माझी होती, साहेब. तुम्ही बसा."

माझ्या कॉलेजच्या एका मैत्रिणीने काम अंगावर घेतलं. आधी लोखंडी टेकू लागले, मग एकेक करून सगळ्या खांबांभोवती नव्या सळया, नव्या रिंगा आणि नवं काँक्रीट. खर्च बाबांचा. रोज पाणी मारायला स्वतः उतरायचे. मला फोटो पाठवायचे, प्रत्येक रिंगेपाशी मोजपट्टी धरून. मी इथून दोन वेळा अंतर चुकलंय म्हणून कळवलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते उकलून पुन्हा बांधून घेतलं, कुरकुर न करता. माझी मात्र कॉलर एकदम ताठ होती. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत होते, शोधनिबंध गेले खड्ड्यात, मी एक खरी इमारत वाचवली.

काम संपलं त्या आठवड्यात सकाळी आईचा फोन आला. ती मेथी निवडत होती. सहासात महिने धुरळा खाल्ल्याबद्दल तिने आधी माझ्या तज्ज्ञपणाला दोन शब्द सुनावले. मग म्हणाली, "आता दिवाळीला पोरीला घेऊन इथे झोपायला येशील ना?"

"म्हणजे? दरवर्षी येतोच की आम्ही."

"दिवसा येता. जेवता, आणि अंधार पडला की सासरी जाता. सात वर्षांत पोर एक रात्र इथे झोपलेली नाही."

डास असतात, तिकडे एसी आहे, तिची झोप सावध आहे. सात वर्षांची सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली.

"मला कळत होतं गं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता. "तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. लेकराला कोण ठेवेल? फक्त जाताना दरवेळी दारात चप्पल घालता घालता तू म्हणायचीस ना, आई-बाबा, शांत झोपा हं. ते तेवढं नको म्हणत जाऊ."

फोन ठेवल्यावर मी लेकीची वही शोधून काढली आणि त्यातले कायदे पहिल्यापासून वाचले. घर बांधणारा आहे, घराचा मालक आहे, नावाडी, न्हावी, वैद्य, बैल भाड्याने देणारा, सगळे आहेत. घर पडू शकतं हे जिला पक्कं माहीत आहे, आणि जी आपलं मूल तेवढं उचलून दुसरीकडे झोपायला नेते, तिच्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.